आभाराला मी

आमच्या भागात सभा कुठलीही असो, तिचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रास्ताविक, मग "दोनच शब्द बोलतो" म्हणणाऱ्यांची लांबण, मग प्रमुख वक्ता आणि सगळ्यात शेवटी आभार. सभा नांदेडला घ्यायची असो, लातूरला असो की अहमदपूरच्या बसस्टँडसमोर असो, बैठकीत कोणीतरी विचारायचं, "बोलायला कोण?" सगळे म्हणायचे, "कॉम्रेड." मग पुन्हा कोणीतरी, "आणि आभाराला?" यावर सगळे नुसतं माझ्याकडे बघायचे आणि पुढच्या विषयाला लागायचे. माझी सगळी हयात अशी आभार मानण्यात गेली.

आभार मानणं ही काय चीज आहे, हे ज्यानं मानलेत त्यालाच कळेल. प्रमुख वक्त्यानं शेवटची घोषणा देऊन मूठ खाली आणली की लोक उठतात. चपला शोधतात. बायका लेकरांना हाका मारतात. मंडपवाला मागच्या टोकाकडून सतरंजी गुंडाळायला घेतो. त्या गलक्यात मी माईकसमोर उभा राहून ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचे, ज्यांनी लाईट घेऊ दिली त्या पानपट्टीवाल्याचे, बंदोबस्ताच्या पोलीस बांधवांचे, आणि हो, कॉम्रेडचे, मनापासून आभार मानतो. एका गावी तर माझं वाक्य अर्धवट असतानाच स्पीकरवाल्यानं वायर काढून घेतली. वर मला म्हणतो, "झालं ना सर? मला लग्नाला जायाचंय." मी त्याचेही आभार मानले, बिनामाईकचे.

खरं तर कॉम्रेड हा शब्द आम्हा दोघांच्याही हक्काचा होता. नांदेडला कॉलेजात असताना एकाच हॉस्टेलच्या एकाच खोलीतून आम्ही एकाच सकाळी संघटनेत गेलो होतो. पुढे मी ज्युनिअर कॉलेजात नोकरीला लागलो आणि तो पूर्ण वेळ कार्यकर्ता झाला. लोकांनी मला सर करून टाकलं. धान्याच्या मोंढ्यातले हमाल, अंगणवाडीच्या बाया, गल्लीतली पोरंटोरं, पोलीस ठाण्यातले जमादारसुद्धा कॉम्रेड म्हणायचे ते त्याला. मी शेजारी उभा असायचो. "कॉम्रेड आले आणि सर पण आले," असं म्हणायचे. तो 'पण' माझ्या कानात फार वर्षं वाजतोय.

आता हिशेबानं पाहिलं तर हेवा त्यानं माझा करायला हवा होता. आमच्या घरी अर्धापूरला केळीचा मळा, दारात बैलजोडी, घरात दूधदुभतं. तो निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातला, बौद्ध घरातला. आईवडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे. शाळेत असतानाच त्यानं जयंतीच्या स्टेजवर पहिलं भाषण ठोकलं होतं, आणि पोरगं माईकला पुरत नाही म्हणून त्याला खोक्यावर उभं केलं होतं म्हणे. पण हेवा करायला त्याला फुरसतच नव्हती. आज हमालांची मजुरी, उद्या अंगणवाडीचं मानधन, परवा कोणाचं तरी झोपडं पाडायला आलेल्यांच्या पुढे आडवं पडणं. मग हेव्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी नेटानं केलं.

या सगळ्याहून त्याचा खरा विषय म्हणजे युद्ध. मोर्चे दुसरेही काढतात, पण सीमेवर वातावरण तापलं की सगळे पुढारी गप्प बसायचे आणि हा एकटा स्टँडसमोर उभा राहून युद्ध नको म्हणायचा. दूरच्या देशात बॉम्ब पडले तरी हा इथं मोंढ्यात बोर्ड घेऊन बसायचा. हमाल पाठीवरचं पोतं उतरवून विचारायचे, "कॉम्रेड, ते गाव कुठंशीक आलं?" तो हातानं दिशा दाखवून सांगायचा.

त्याच्या भाषणात दर वेळी एक गोष्ट यायची. त्याच्या आळीतला एक मुलगा फौजेत गेला होता. परत आला तो बंद पेटीतून. मुलाच्या आईनं एकच मागणी केली, की पेटी उघडा, मला तोंड बघू द्या. पेटी कोणी उघडली नाही. हे तो अजिबात आवाज न चढवता सांगायचा आणि समोरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. पण त्या पाण्याखाली जळफळाट असायचा, की सांगायला माझ्याकडे असं काही का नाही. मी केळीवर काय बोलणार होतो?

त्याची काम करायची एक रीत होती. गावात शांततेची सभा घ्यायची तर आधी त्या गावातल्या फौजीच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि परवानगी मागायची. पोलीस ठाण्याची परवानगी मी आणायचो, ही दुसरी तो आणायचा. अहमदपूरजवळच्या एका गावात पारावर माणसं आमची वाटच बघत बसली होती, आणि ती काही हार घालायला बसली नव्हती. हा सरळ फौजीच्या घरात शिरला. म्हातारा बाप खाटेवर बसला होता.

"बाबा, तुमच्या लेकाला नावं ठेवाया न्हाई आलो," हा म्हणाला. "त्यो सुखरूप घरी यावा म्हणून बोलणार हाय. बोलू का?"

म्हाताऱ्यानं सरकून त्याला खाटेवर जागा करून दिली. मग म्हणाला, "बोला. पर त्याचं नाव घेऊ नका. त्याच्या मायला रडू येतं."

सभेला तो म्हातारा स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसला. पारावरची माणसं जागची हलली नाहीत. मी आभार मानले तेव्हा म्हाताऱ्याचेही मानले, पण मनात तिडीक होती. इतकी साधी युक्ती मला का सुचू नये? कॉलेजात राज्यशास्त्र मी शिकवतो.

लातूरला गंजगोलाईच्या बाजारात मात्र दगड आला. त्या वेळी आम्ही दोघं माईकपाशी अगदी खेटून उभे होतो. तो दगड थोडा डावीकडे आला असता तर माझ्या कपाळावर बसला असता. बसला त्याच्या. रक्ताची धार, रुमाल, रिक्षा, टाके. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा पट्टी बांधलेला फोटो आला. माझा त्या फोटोत कोपरा आला होता, हाताचा. घरी येऊन मी धुसफुसत बसलो तेव्हा बायको म्हणाली, "दगड लागला नाही म्हणून रुसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघून राहिले." तिचं म्हणणं बरोबर होतं. त्याच्या भुवईवर जी खूण राहिली ती भाषणाच्या वेळी लाईटमध्ये चमकायची. मला ती खूण हवी होती.

मला काय हवं होतं ते सरळच सांगतो. मला एकदा, लोक उठायच्या आधी, बोलायचं होतं. मी भाषण तयार केलेलं होतं. वर्षानुवर्षं ते मी न्हाणीघरात, स्कूटरवर, परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन करताना मनात घोळवत आलो होतो. त्यात इतिहास होता, शस्त्रांचा व्यापार होता, उपरोध होता. ते त्याच्या भाषणापेक्षा सरस होतं याबद्दल मला कधीच शंका नव्हती. ऐकायला फक्त माणसं हवी होती.

मग त्याचा गळा बसला. ऋतू बदलला म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. हळद-दूध झालं, काढे झाले. शेवटी लातूरच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. वहिनी अंगणवाडीत नोकरी करून त्याचा सगळा संसार ओढत आलेली बाई, ती नुसती स्वेटर विणत होती. मला रडू आलं होतं, ते खरं होतं. आणि रडता रडता मनात आलं, आता बोलणार कोण? पाठोपाठ माझ्या भाषणाची पहिली वाक्यं आपोआप जुळायला लागली, तीही खरी होती.

तो घरी आला. गळ्याला छोटं भोक, त्यावर मऊ जाळीचं फडकं. ओठ हलवायचा, आणि वहिनी ते वाचून आपल्या आवाजात सांगायच्या. काही दिवसांनी सीमेवर पुन्हा गडबड सुरू झाली. टीव्हीवर रोज कोणीतरी ओरडून युद्ध मागायला लागलं. संघटनेनं नांदेडच्या जुन्या मोंढ्यात सभा ठरवली. बैठकीत विचारलं गेलं, "बोलायला कोण?" आणि या वेळी सगळे माझ्याकडे बघून थांबले. आभाराला अंगणवाडीतल्या एका ताईंचं नाव ठरलं. मी घरी गेलो तो जमिनीला पाय न लावता.

सभेच्या दिवशी दुपारी मी त्याला भेटायला गेलो. त्यानं माझा हात धरला आणि ओठ हलवले. वहिनी म्हणाल्या, "फौजीच्या घरी जाऊन आलात का, इचारतायत."

मी हो म्हणालो. गेलो नव्हतो. त्याची युक्ती मला नको होती, भाषण माझं होतं.

मोंढ्यात माणसं बेताचीच होती. आमचे हमाल, काही बाया, नमाज उरकून आलेली दुकानदार मंडळी, आणि रस्त्याच्या कडेला मोटारसायकलींवर बसलेला पोरांचा घोळका. त्यांच्या गाड्यांना झेंडे होते आणि ते हॉर्न वाजवून आमच्या नावानं शंख करत होते. जमादार हात मागे बांधून उभा होता. माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकसमोर गेलो. पोरांनी हॉर्न एकदमच दाबले आणि माझी सगळी सरस वाक्यं कुठं पळाली कोण जाणे. तोंडातून जे निघालं ते इतक्या वर्षांच्या सवयीनं निघालं.

"उपस्थित सर्वांचे मी मनापासून आभार मानतो."

आणि लोक उठले. खरंच उठले. माझा आवाज आणि ती ओळ कानावर पडली की सभा संपली, हे आमच्या माणसांच्या अंगवळणी पडलेलं. हमालांनी चपला शोधायला सुरुवात केली. बायांनी लेकरं काखेत घेतली. मंडपवाल्यानं सतरंजीचं टोक उचललं आणि तो गुंडाळत निघालासुद्धा. क्षणभर कोणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतली एक बाई खो खो हसायला लागली, मग हमाल, मग जमादार, आणि मग रस्त्यावरची ती पोरंही. हॉर्न थांबले. हसताना हॉर्न दाबता येत नसावा.

"बसा, बसा," मी म्हणालो. "आज आभार आधीच हायेत. भाषण बिषण काही न्हाई."

ही माझी वर्गातली भाषा नव्हती. ही अर्धापूरची, माझ्या आईची भाषा होती, आणि ती कशी तोंडात आली ते मला माहीत नाही. मी रस्त्यावरच्या पोरांचे आभार मानले. म्हणालो, "तुम्ही आमच्या इरोधात का होईना आलात, म्हणून गर्दी दिसून राहिली." पुन्हा हशा. जमादाराचे मानले, की सणावाराला घर सोडून तो आमच्या सभा राखतो. चहावाल्याचे मानले. मग मी थांबलो, कारण पुढे कोणाचे मानायचे ते सुचेना, आणि तेवढ्यात सुचलं.

"आता ज्यांचे राहिले ते हितं न्हाईत," मी म्हणालो. "ते तिकडं सरहद्दीवर हुबे हायेत. त्यांचे आभार मला मानायचे हायेत. पण माझी जिंदगी आभार मानण्यात गेली, मला त्यातलं एवढं कळतं, की ज्याचे मानायचे तो समोर लागतो. त्यो घरी यावा. ओट्यावर बसावा. मी त्याच्या हातचा चहा पिऊन त्याच्या तोंडावर म्हणावं, बाबा, उपकार झाले. पेटीचे आभार कसे मानू? पेटी काय म्हणंल मला? युद्ध मागणाऱ्यांनो, तुम्ही मागा, पण मग आभार मानायला समोर कोणाला ठेवणार हाव ते सांगून मागा."

पेटी माझी नव्हती, त्याची होती. हे मला बोलता बोलताच कळलं, पण परत करायला वेळ नव्हता. मी खूप बोललो. कोणी उठलं नाही. मोटारसायकलवाल्यांपैकी बरेच निघून गेले, पण एकानं गाडी बंद केली आणि शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. खाली उतरलो तेव्हा एक म्हातारा हमाल माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "सर, इतकी सालं हे कुठं दडवून ठिवलं होतं?" त्या संध्याकाळी मी जेवलोच नाही, भूकच नव्हती. बायको म्हणाली, "आज तुमच्या तोंडावर तेज हाय." होतंच.

सकाळी उठल्याबरोबर मी नदीपलीकडच्या त्याच्या घरी गेलो. मनातल्या मनात सगळं कसं सांगायचं ते जुळवत गेलो, कुठं थांबायचं, कुठं नम्र व्हायचं. दार वहिनींनी उघडलं. हातात ज्वारीच्या पेजेची वाटी, भरलेली.

"बघा ना भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "पहाटंच हमाल लोक येऊन सभेचं सांगून गेले. तवापासून भिंतीकडं तोंड करून हायेत. घोटभर न्हाई घेतला."

माझी चाहूल लागून तो वळला. तो हसला. ओठ हसले, डोळे हसले नाहीत, आणि जबडा घट्ट आवळलेला राहिला. मी जागच्या जागी थबकलो. हा चेहरा मी ओळखत होतो. त्याच्या प्रत्येक सभेनंतर हाच चेहरा घेऊन मी घरी गेलो होतो. तो माझा हेवा करत होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी खुर्ची ओढून सावकाश बसलो. वाटलं, बघू दे आता, कळू दे, खुर्च्यांच्या मागं उभं राहून टाळ्या ऐकणं म्हणजे काय असतं. तोंडाशी आलं होतं सगळं: हशा, पेटी, म्हाताऱ्या हमालाचे हात.

त्यानं माझा हात हातात घेतला आणि शाबास म्हणायला तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली, बारीक शिट्टीसारखी. त्यालाही ती ऐकू आली. त्यानं तोंड मिटलं. माझ्या मनात आलं, मी जळायचो तेव्हा मला निदान बोलता येत होतं. घरी येऊन त्याची नक्कल करायचो, त्याच्या चुका काढायचो, बायको हसायची आणि माझं मन हलकं व्हायचं. याला ते कसं करता येणार?

"कशाचं काय," मी म्हणालो. "हमाल तुला बरं वाटावं म्हणून सांगून गेले असतील. फजिती झाली सगळी. मी उभा राहिलो आणि तोंडातून आभारच निघाले. लोक उठून चालायला लागले. मंडपवाल्यानं सतरंजी गुंडाळली."

त्याच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली. भुवया वर गेल्या.

"खरं सांगतो. पोरं हसून राहिली होती. मग मी काहीबाही बोललो. सगळे तुझंच विचारत होते, कॉम्रेड कधी येणार म्हणून."

वहिनी वाटी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सभेची क्लिप सकाळीच त्यांच्या फोनवर आली होती आणि त्यांनी ती पाहून पुसून टाकली होती, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

त्यानं हात पुढे करून पेजेची वाटी घेतली. चमच्यानं सावकाश, एकेक घोट करत संपवली. मग तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी त्याचे डोळेही हसले. माझी फार दया आली होती त्याला. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि भराभर ओठ हलवले. वहिनींना दोनदा विचारावं लागलं.

"म्हणतायत, मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पहिल्या येळेला असंच होतं. आता रोज सकाळी हिकडं येत जा म्हणतायत. बोलायचं कसं ते शिकवतो म्हणतायत."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अंथरुणात ताठ बसला होता, खूप दिवसांनी. हातानं त्यानं मला उभं राहायची खूण केली. मग छातीवर मूठ आपटून दाखवली, श्वास इथून घे म्हणून.

मी उभा राहिलो आणि श्वास घेतला.